रानउंबरापासून दोनशे मीटर

लोस सेद्रोस गावाला वीज नव्हती, नळ नव्हता, तेव्हा त्या डोंगरावर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आता दोन्ही आहेत, तर लोक समुद्र ओलांडून येतात आणि दिवा मालवून बसतात. थंड पाण्यानं अंघोळ करतात आणि कुडकुडत बाहेर येऊन म्हणतात, काय सुख आहे! पुलापासून दीड तास चढण चढतात, घाम गाळतात, आणि वर त्याचे पैसे देतात. ओतिलिया मोराला पाहुणे ठेवून सात वर्षं झाली, पण ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय हा तिचा संशय काही गेला नाही. सोय परवडत असताना शहाणा माणूस गैरसोय विकत का घेईल?

स्वभावच तो. कोंबडीनं अंडं घातलं तरी ती ते आधी उजेडाला धरून बघणार, मग टोपलीत ठेवणार. तिचा नवरा अनानियास जिवंत होता तोवर सगळ्यांना सांगायचा, माझी बायको स्वर्गात गेली तर दारावरच्या संत पेद्रोलाच आधी ओळखपत्र मागेल.

तरी पाहुणे हवेच होते. पाहुणे होते म्हणून निदिया घरी होती.

निदिया तिची एकुलती एक मुलगी. चार वर्षं खाली सपाटीला अननसाच्या कारखान्यात फळं भरायला होती. तिथल्या औषधांनी तिच्या हातांची सालटं निघायची. रविवारी घरी आली की आईला दिसू नयेत म्हणून बाह्या बोटांपर्यंत ओढून जेवायची. गावाला ‘हिरवं पान’ मिळालं, पाहुणे यायला लागले, तशी ती परत आली आणि राहिली. हात बरे झाले. पण तिनं साफ सांगून ठेवलं होतं की पाहुणे थांबले तर मीही थांबणार नाही, पोट काही धुक्यानं भरत नाही. ओतिलियाला ते वाक्य दिवसातून दहादा आठवायचं.

हिरवं पान म्हणजे राजधानीतल्या एका कार्यालयाचा शिक्का. गाव हवेत किती कमी धूर सोडतं ते बघून मिळतो. म्हणून पुलाच्या वर मोटार नाही, आजारी माणूस आणि अडलेली बाई सोडून. पाहुण्यानं साध्या बसनं पुलापर्यंत यायचं, पुढं पायी. सामान बैलगाडीतून. चुलीला डुकरांच्या घाणीचा गॅस, अंघोळीला छपरावरच्या काळ्या पाइपात तापेल तेवढंच पाणी. आणि जाण्याआधी प्रत्येक पाहुण्यानं एक झाड लावायचं. परदेशी माणूस आधी ते पान शोधतो, मग गाव. पण पान दर तीन वर्षांनी नव्यानं मिळवावं लागतं आणि त्यासाठी येणारा तपासनीस सांगून येत नाही, पाहुणा बनून येतो. यंदाचं वर्ष पानाचं होतं.

म्हणून मे महिन्यात कॅनडाहून हार्लन नावाचा एकटा माणूस आला, तेव्हा ओतिलियाच्या मनात पाल चुकचुकली.

हार्लन साठीच्या आसपासचा, उंच, खांदे पडलेला. त्याच्याकडं ओतिलियाच्या घराचा पत्ता होता: रानउंबरापासून शंभर मीटर वर. असले पत्ते घेऊन येणारे निम्मे पाहुणे भलत्याच्या कोंबड्यांत जाऊन उभे राहतात, म्हणून गाडीवाला एवेलियो त्यांना पुलापासून आपल्या मागं मागं चालवत आणतो. ह्यालाही त्यानं दारात आणून सोडलं. जेवताना कळलं की तो कॅनडाहून बसनं आला होता. सगळी वाट. एकवीस दिवस, अकरा बस बदलून. बाकीचे पाहुणे विमानानं येतात, शेवटचे दोन तास बसनं, आणि मग आठवडाभर शुद्ध हवेवर बोलतात. हा मात्र बोलत नव्हता आणि खरंच आला होता.

“पगार घेतल्याशिवाय एवढी निष्ठा कोण दाखवतं?” ओतिलिया स्वयंपाकघरात निदियाला म्हणाली.

निदिया म्हणाली, माणूस थकलाय, जेवू दे त्याला. पण ओतिलियाचे डोळे उघडे होते. त्यानं अंघोळीचं पाणी कुठं जातं ते विचारलं. चुलीखाली वाकून पाहिलं. खोलीत शिरल्यावर सामान न सोडता मधोमध बराच वेळ उभा राहिला, आणि इथं पूर्वी कोण कोण राहून गेलं ते विचारलं. पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही मागून घेतली. लोक त्यात शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून मोकळे होतात. हा वही उलटी चाळत मागं मागं गेला आणि एका पानावर तळहात ठेवून बसून राहिला. ओतिलियाच्या लेखी सगळं ठरलं. तपासनीस तो हाच.

तिनं दुसऱ्या दिवशी पहाटेच अंगण झाडलं, प्लास्टिकची बादली लपवली आणि पडवीत लाकडाची ठेवली. निदियाची जुनी मोटारसायकल गोठ्यामागं ताडपत्रीखाली होती; तिच्यावर आणखी एक ताडपत्री टाकली. मग कापडी गाळणीतून कॉफी गाळली. पान गेलं तर निदिया गेली, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता.

आणि त्याच सकाळी एवेलियो फायास आपली बैलजोडी घेऊन खाली सान इसिद्रोला निघून गेला.

तसं त्यात काही वावगं नव्हतं. पंधरा मेला संत इसिद्रोचा सण, गावोगावचे बैल रिबिनी बांधून देवळासमोर जमतात, पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. एवेलियो दरवर्षी जायचा. पण दरवर्षी तो चौदाला निघायचा. यंदा तेराला निघाला आणि सणाला न थांबताच परत येणार म्हणे, कारण शनिवारी आठ पाहुण्यांचं सामान चढवायचं होतं. पाद्री त्याच्या बैलांना आदल्या दिवशीच आशीर्वाद द्यायला तयार झाला होता. ओतिलियाला हे काही पटेना. तपासनीस आला आणि पाहुण्यांची झाडं राखणारा हाच माणूस पळाला, एवढंच तिला दिसलं.

एवेलियोवर तिचा राग जुना. तरुणपणी तो आरागिरणीसाठी देवदार तोडायचा; आज गावाच्या नावात देवदार आहेत आणि डोंगरावर मोजून चार, त्याला बरेचसे त्याचेच हात कारण. पुढं त्यानं अनानियासला एक बैल विकला, तो एका डोळ्यानं आंधळा निघाला. अनानियास हसला आणि विसरला. ओतिलिया विसरली नाही. एवेलियो बैलांनासुद्धा अहोजाहो करायचा, “चला साहेब, वळा आता” म्हणायचा, त्यात तिला ढोंग दिसायचं. पूर्वी त्याच्याकडं दोन जोड्या होत्या, आता एकच. दुसरी त्यानं दारूत घालवली असं तिनं स्वतःच गावभर केलं होतं. आणि असल्या माणसाच्या हाती गावानं पाहुण्यांची झाडं दिली! झाडं त्याच्याच कुरणात नदीच्या अंगाला लागत होती. पाहुण्यांना तो घेऊन जायचा, लावून घ्यायचा, आणि जागेचा पत्ता कागदावर लिहून द्यायचा. सात वर्षांत ओतिलियानं तिकडं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. न बघताच तिला माहीत होतं की तिथं काही नसणार.

ती मक्याच्या भाकऱ्या थापत असताना हार्लन दारात आला. त्याची स्पॅनिश मोडकीतोडकी होती. त्यानं विचारलं, रानउंबर कुठं?

पाहुणे रोजच हे विचारतात. शाळेमागं ओढ्यावर एक अवाढव्य रानउंबर आहे, त्याच्यावर सकाळी सकाळी पाखरांची जत्रा भरते. ओतिलियानं पीठ लागलेल्या हातानं शाळेकडं बोट दाखवलं. तो गेला. खांद्याला पिशवी, हातात मोजायची फीत.

तो दुपारी जेवायला आला नाही. संध्याकाळी आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. निदियानं गरम गुळाचं पाणी दिलं, ते त्यानं दोन्ही हातांत नुसतं धरून ठेवलं. मग खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. एवेलियोचं वाकडं अक्षर लांबूनही ओळखू यावं. “रानउंबरापासून दोनशे मीटर नदीच्या अंगाला, मग पन्नास मीटर वर. अग्वाकातियो.” अग्वाकातियो हे तिथलं रानातलं झाड, हिरवी लांब शेपटीची पाखरं त्याची फळं खातात, आणि त्या पाखरांसाठी पाहुणे जीव टाकतात.

“झाड नाही,” हार्लन म्हणाला. “मी मोजलं. तीन वेळा. तिथं गाय आहे.”

आता इथं ओतिलियानं नीट बघायला हवं होतं. कागद घड्यांवर कापडासारखा मऊ झाला होता. तपासनिसाकडं असा एकच जुना कागद कशाला असेल? पण ज्याच्या मनात खटला आधीच निकाली निघालेला असतो तो पुरावा कशाला वाचेल? तिला एकच दिसलं: तपासनिसानं झाड मागितलं आणि झाड नाही. पान चाललं. निदिया चालली. मग तिनं तेच केलं जे बुडणारा माणूस करतो, शेजारच्याच्या डोक्यावर पाय दिला.

ती बोलत सुटली. ह्यात गावाचा काही दोष नाही. दोष एकट्या एवेलियोचा. तो पहिल्यापासून झाडं तोडणारा, तो काय झाडं राखणार! लावत असेल आणि पाहुण्याची पाठ वळली की उपटत असेल, तेच रोप पुढच्याच्या हातात देत असेल. आम्हाला संशय होताच. त्याला काढून टाकू, वाटल्यास उद्याच. निदिया मधे मधे “आई” म्हणत होती, ते तिनं ऐकलं नाही.

हार्लननं सगळं ऐकून घेतलं. समजायला त्याला वेळ लागत होता, ओठ हलत होते.

“म्हणजे ते झाड नव्हतंच?”

“नव्हतंच,” ओतिलिया म्हणाली.

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि उद्याची बस किती वाजता ते विचारलं. निदिया म्हणाली, एक वाजता, पुलावरून. गुळाचं पाणी तसंच राहिलं.

तो खोलीत गेल्यावर निदिया आईवर उखडली. “जीभ उचलली आणि टाळ्याला लावली! तू कधी गेली होतीस कुरणात बघायला?”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यानं फीत लावून मोजलंय.”

“त्यानं. तू नाही.”

ओतिलियाला झोप लागली नाही ती पानाच्या काळजीनं. आपण काही चुकलो असं तिच्या मनातही आलं नाही.

सकाळी अकरा वाजता हार्लन पाठीला पिशवी लावून निघाला. सामान गाडीत घालायला गाडी नव्हती. त्यानं निदियाशी हात मिळवला, ओतिलियाकडं बघून मान हलवली. तो वळणाआड जातो न जातो तोच वरच्या पायवाटेनं घुंगरं वाजली. एवेलियो जवळच्या वाटेनं, रानातून वर आला होता. बैलांच्या शिंगांना लाल-निळ्या रिबिनी, कपाळावर पवित्र पाण्याचे डाग वाळलेले.

ओतिलियानं त्याला अंगणातच गाठलं. पाहुण्याचं झाड, कागद, फीत, गाय, देवदार, आंधळा बैल, दारूत गेलेली जोडी, सगळं त्या क्रमानं नाही, पण सगळं. एवेलियो टोपी हातात घेऊन उभा होता. सत्तरीचा माणूस, वाळलेला, मिशीत हसतोय की काय कळू नये असा. तिचा श्वास संपला तेव्हा त्यानं विचारलं, “ओतिलियाबाई, तुमचं घर कुठं आहे?”

“हे काय विचारणं झालं?”

“सांगा तर.”

“रानउंबरापासून शंभर मीटर वर. सगळ्यांना माहीत आहे.”

“मग शाळेमागच्या उंबरापासून शंभर मीटर मोजून बघा,” एवेलियो म्हणाला. “माझ्या अंदाजानं तुमचं घर ओढ्यात सापडेल.”

निदियानं तोंडावर हात ठेवला.

लोस सेद्रोसमध्ये रानउंबर म्हटलं की एकच. ते देवळाच्या खालच्या वळणावर उभं होतं आणि निदिया जन्मली त्या वर्षीच्या वादळात पडलं. त्याला तीस वर्षं होत आली. लाकूड सरपणात गेलं, बुंधा वाळवीनं खाल्ला, आता तिथं गवतात एक खळगा आहे. पण पत्ता तोच राहिला. पत्रं त्याच पत्त्यावर येतात, बाळंतपणाला दाई त्याच पत्त्यावर येते, मुलांची नावं शाळेत त्याच पत्त्यावर लागतात. पडलेल्या झाडाला कोणी ‘जुनं’सुद्धा म्हणत नाही. शाळेमागचं उभं आहे ते शाळेमागचं. बाहेरच्या माणसाला मात्र उभं तेच झाड दिसणार, आणि ओतिलियानं तर स्वतःच्या हातानं त्याला तिकडं पाठवलं होतं.

ओतिलिया स्वतःच्या डोळ्यांनी बघायला नदीच्या वाटेला लागली. निदिया आणि एवेलियो मागून आले. खळग्यापासून दोनशे मीटर उतरून, पन्नास मीटर वर वळून ती कड्याच्या बगलेत पोचली आणि थांबली. सात वर्षांपूर्वी तिथं उघडं कुरण होतं हे तिला माहीत होतं. आता तिथं सावली होती. शेकडो झाडं, काही कंबरेइतकी, काही घराच्या आढ्याइतकी. प्रत्येकाला तारेनं एक पत्र्याचा तुकडा, त्यावर खिळ्यानं ओरखडून लिहिलेलं नाव. आणि पलीकडं उरलेली हिरवी पट्टी एवढीशी, एका जोडीला जेमतेम पुरेल इतकी. ओतिलियाला काही विचारावं लागलं नाही. दुसरी जोडी दारूत गेली नव्हती. झाडं वाढत गेली तसं गवत कमी होत गेलं, म्हणून त्यानं ती विकली होती.

तिला इतकी लाज वाटली की एवेलियोकडं बघवेना.

एवेलियोनं कागदाचा मजकूर विचारला आणि सरळ जाऊन एका झाडाशी उभा राहिला. दोन माणसांच्या उंचीचं अग्वाकातियो, मनगटाहून जाड. पत्र्यावर लिहिलं होतं, “टेसा. बसनं आले.” अक्षरं ठसठशीत, मन लावून काढलेली. ओतिलियानं तो पत्रा सोडवायला हात घातला, तपासनिसाला दाखवायचा म्हणून. सुटेना. खोड वाढताना तार सालीत रुतून आत गेली होती, पत्र्याची एक कडही. तिनं नखं घातली, ओढलं, बोटाला रक्त आलं.

“राहू द्या,” एवेलियो म्हणाला. “झाडाला लागेल.”

तेवढ्यात तिनं सूर्याकडं पाहिलं. बारा वाजून गेले होते. चालत पुलावर पोचायला दीड तास.

“निदिया, मोटारसायकल.”

“आई, पुलाच्या वर मोटार नाही. तूच तर आरडाओरडा करतेस. आणि तपासनिसासमोर?”

“तो बसमधून निघून जाईल ते वाईट की धूर दिसेल ते?”

दोन ताडपत्र्या निघाल्या. तीन लाथांनंतर मोटारसायकल सुरू झाली आणि तिनं असा काळा धूर सोडला की कोंबड्या पांगल्या. ओतिलिया मागं बसली, स्कर्ट गुडघ्यांत आवळून, मुलीच्या कंबरेला मिठी मारून. उतारावर निम्म्या वाटेत एक परदेशी जोडपं पायी वर येत होतं. त्यांनी बाजूला होऊन तोंडावर रुमाल धरले. त्यांतल्या बाईच्या हातात वही होती. ओतिलियाला ती वही दिसली, पण आता उतरून काय उपयोग.

बस पुलापाशी उभी होती. ड्रायव्हर टपरीवर कॉफी संपवत होता. हार्लन खिडकीपाशी बसला होता. ओतिलिया धापा टाकत आत शिरली आणि त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, “झाड आहे.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग खिडकीतून धुरकटलेल्या मोटारसायकलकडं.

“काल नव्हतं,” तो म्हणाला.

तिनं रानउंबराची सगळी गोष्ट सांगितली, पडलेल्याची आणि उभ्याची, आणि निदियानं ती त्याच्या भाषेत पुन्हा सांगितली. तो ऐकत होता. पण काल त्याच्या डोळ्यांत नव्हतं ते आज आलं होतं, आणि ओतिलियाला ते ओळखायला कष्ट पडले नाहीत. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांकडं तसंच पाहिलं होतं.

“तुम्ही घाबरू नका,” तो म्हणाला, आणि पुढचं निदियाकडं बघत आपल्या भाषेत बोलला. निदियाचा चेहरा बदलला. तिनं हळू आवाजात आईला सांगितलं, “तो तपासनीस नाहीये, आई. झाड त्याच्या मुलीनं लावलं होतं. सहा वर्षांपूर्वी आपल्याकडंच राहिली होती. ती वारली. विमानात बसायची नाही ती, म्हणून हाही बसनं आला.”

पहिल्यांदा ओतिलियाला हायसं वाटलं. तपासनीस नाही. पान शाबूत. खोटं का बोला, तिला सुटल्यासारखं झालं. आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. ह्या माणसाला, एकवीस दिवस प्रवास करून आलेल्या बापाला, तिनं सांगितलं होतं की झाड नव्हतंच.

“ते आहे,” ती पुन्हा म्हणाली. “नाव आहे त्याच्यावर. टेसा.”

“ते नाव तुमच्या वहीतही आहे,” हार्लन म्हणाला. आवाजात राग नव्हता. “तुम्ही भल्या बाई आहात. वाईट वाटलं म्हणून सकाळी एखादं लावलं असेल. मला दुसरं झाड नको.”

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. त्यानं ओतिलियाला विचारलं, मावशी, यायचंय का? ती दांडा धरून उभीच राहिली. काय सांगितलं तर हा माणूस विश्वास ठेवेल? तिला स्वतःला कोणी काय सांगितलं असतं तर पटलं असतं? काहीच नाही. तिनं अंडंसुद्धा उजेडाला धरलं असतं. मग तिनं आपला हात त्याच्यापुढं धरला. नखाखाली रक्त साकळलं होतं, बोटांवर सालीचा चीक.

“पत्रा तुम्हाला आणून दाखवणार होते. निघाला नाही. झाडानं तार गिळलीय. साल वरून आलीय, पत्र्याची कडही आत गेलीय. खाली लिहिलंय, बसनं आले. सकाळी लावलेलं झाड तार कशी गिळेल, तुम्हीच सांगा.”

निदियानं ते सांगितलं. हार्लन तिच्या बोटांकडं बघत राहिला. मग त्यानं वरच्या फळीवरून पिशवी काढली.

बस गेली. निदिया म्हणाली, मी एकेकाला मागं बसवून वर नेते. त्यानं मान हलवली आणि चालायला लागला. तशी निदियाही मोटारसायकल बंद करून ढकलत मागून निघाली, घामाघूम होत, स्वतःशी पुटपुटत. ओतिलिया दोघांच्या मधे चालत होती. तिला सारखं वाटत होतं की आपण मुलगी सपाटीला जाईल म्हणून घाबरत बसलो, आणि ह्याची कुठं गेली बघा. ती मागं वळून वळून निदियाकडं बघत होती. निदियानं शेवटी विचारलं, काय झालं गं, मी काय पळून चाललेय?

गावाच्या वेशीवर ते वहीवालं जोडपं दगडावर बसलं होतं. बाईनं मोटारसायकलकडं पाहिलं, ओतिलियाकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. कालचा दिवस असता तर ओतिलियानं तिच्यापुढं शंभर सबबी मांडल्या असत्या. आज ती थांबली नाही. लिहू दे, तिच्या मनात आलं, काय व्हायचं ते होईल.

वळणावर एवेलियो बैलांसोबत बसून होता. ओतिलिया त्याच्यापुढं उभी राहिली.

“तुमच्या दुसऱ्या जोडीबद्दल मी गावभर खोटं बोलले. चुकले.”

“ऐकलं होतं,” एवेलियो म्हणाला. “पण आंधळ्या बैलाचं खरं आहे हो. मला माहीत होतं.”

मग तिनं हार्लनचा दंड धरून त्याला गवतातल्या खळग्यात नेऊन उभं केलं. “हे रानउंबर,” ती म्हणाली. “इथून मोजा.”

तो रिकाम्या जागेकडं, मग वर, जिथं फांद्या असायला हव्या होत्या तिकडं बघत राहिला. फीत त्यानं काढलीच नाही. पावलं मोजत तो नदीच्या अंगाला उतरू लागला, मोठ्यानं, आपल्या भाषेत. ओतिलिया त्याच्यासोबत गेली नाही. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती खळग्यात उभी होती. मग निदियानं हाक मारली, मोटारसायकल चढावर एकटीला रेटत नव्हती, आणि ती हात लावायला गेली.